हात हलवत या

माझे बाबा बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवलेले असत. आतलं पाणी गोठलं की साखळीने डबे वर उचलायचे, साध्या पाण्यात जरा बुडवायचे, आडवे करायचे, की लादी सुळकन बाहेर. मग ती लादी आकड्याने ओढत साठवणीच्या खोलीत न्यायची आणि रचायची. बाबा अंगाने इतके किरकोळ होते की ते लादीला ओढतायत की लादी त्यांना, हे लांबून कळायचं नाही. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना पैलवान म्हणत. आई म्हणायची, "लादी परवडली. ती निदान वितळते तरी. यांच्या पाठीवर जे बसलंय ते वितळत नाही."

पाठीवर बसलेला होता कारखान्याचा फिटर.

फिटरला मी पाहिलेलं नाही. तो गेला तेव्हा मी आईच्या पोटात होते. पण आमच्या बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो होता, आजोबांच्या फोटोपेक्षा मोठा, येशूच्या चित्राच्या अगदी शेजारी. दोघांनाही दाढी. लहानपणी मला ते सख्खे भाऊ वाटायचे, आणि त्यातला कामावरचे कपडे घातलेला जरा कडक आहे असं वाटायचं.

झालं होतं ते असं. बर्फाच्या यंत्रात अमोनिया फिरतो. नळीत आहे तोवर गरीब. बाहेर आला की डोळे, नाक, छाती, काही सोडत नाही. एका दुपारी बाबा साठवणीच्या खोलीत लाद्या रचत होते आणि त्यांच्या मागे दार बंद झालं. भिंतीएवढं जाड दार. आतून उघडायचा दांडा बिघडलेला. ते दारावर थापा मारत होते, तेवढ्यात छताजवळच्या नळीचा जोड सुटला. बाहेर भोंगा झाला, माणसं अंगणात पळाली, आणि कोण आहे कोण नाही बघताना कुणीतरी म्हणालं, "अरे, पैलवान कुठाय?"

कारखान्यात मास्क दोन होते, आणि त्यातला एकच धड होता. फिटर तो लावून आत गेला. बाबा दारापासून थोडे आत पडले होते. फिटरने आपल्या तोंडावरचा मास्क काढला, बाबांच्या तोंडावर बसवला, मागचा पट्टा आवळला आणि त्यांना दाराच्या दिशेने ढकललं. बाबा रांगत, धडपडत बाहेर आले. अंगणातल्या लोकांना मास्क लावलेला माणूस दिसला, तेव्हा त्यांना वाटलं फिटरच आला. कुणीतरी ओरडलं, "पैलवान सापडला नाही का?" बाबांनी मास्क काढला, तेव्हा कळलं. फिटरला बाहेर आणलं तोपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबांच्या डाव्या डोळ्यासमोर कायमचं धुकं राहिलं. बाकी ते धडधाकट होते. निदान दिसायला.

त्यानंतर माझ्या आईने ज्याच्याशी संसार केला तो माणूस म्हणजे निम्मा बाबा आणि निम्मा फिटर. फिटरला मूलबाळ नव्हतं. मागे होती ती त्याची बायको, आमची काकू. ती घरी शिवणकाम करायची. रविवारची उपासना झाली की बाबा घरी न येता सरळ काकूकडे जात. खांद्याला हत्यारांची पिशवी. तिचा नळ, तिची कौलं, तिचं खिडकीचं तावदान, तिच्या स्टोव्हची वात. काही बिघडलेलं नसलं तर ते काहीतरी शोधून काढत, आणि शोधूनही सापडलं नाही तर न बिघडलेलं उघडून बसत. काकू म्हणे, "भाऊजी, चहा घ्या." बाबा म्हणत, "नको वहिनी, पाणी चालेल." तेही उभ्याने. तिच्या घरातल्या खुर्चीवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही.

आमच्या घरी नवीन काही आलं की आधी काकूकडे जायचं. गादी आली, काकूकडे गेली. तिची जुनी आमच्याकडे आली. आई एकदाच बोलली. म्हणाली, "तिने मागितली होती का?" बाबा म्हणाले, "त्याने विचारलं होतं का, मास्क देऊ का म्हणून?" आमच्या घरात बहुतेक वाद असेच संपत. फिटर मध्ये येऊन उभा राहायचा आणि सगळे गप्प.

हसण्याचंही तसंच. बाबांना खरं तर नकला छान यायच्या. मुकादमाची नक्कल करताना ते असे पोट पुढे काढत की ते नसलेलं पोट दिसायचं. आम्ही हसून लोळायचो. आणि मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी दिवा नेल्यासारखं व्हायचं. उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आई हळूच म्हणायची, "चला, आले साहेब." आमच्यात तो शब्द ठरून गेला होता. साहेब म्हणजे फिटर.

मी मोठी झाले, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागले. पहिल्यांदा कुणीतरी मला मागणी घातली, मुलगा चांगला होता, पण त्याची नोकरी दुसऱ्या गावी होती. बाबा म्हणाले, "तू गेलीस तर वहिनींचं आजारपण कोण बघणार?" काकू तेव्हा ठणठणीत होती. मी त्या मुलाला नाही म्हणाले. रागाने नव्हे. मला खरंच वाटलं, बरोबर आहे, आपण मोकळे नाही. तुरुंगात जन्मलेल्या पोराला भिंत म्हणजे भिंतच वाटते; तिच्या पलीकडे काही असेल हे त्याच्या डोक्यात येत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा शेवटच्या बाकावर बसत, सगळी गीतं म्हणत, डोळे मिटून प्रार्थना करत; पण प्रभुभोजनाची थाळी आली की ती हातात घेऊन तशीच शेजारच्याकडे देत. भाकर नाही, प्याला नाही. जुन्या पाळकांनी विचारून विचारून नाद सोडला होता. हे तरुण होते, त्यांनी सोडला नाही. एका संध्याकाळी घरी आले. आईने खुर्ची पुसून दिली. पाळकांनी फोटोकडे पाहिलं, मग सरळ मुद्द्यावर आले.

"तुम्ही थाळी पुढे का देता?"

बाबा म्हणाले, "मी त्या लायकीचा नाही."

"लायक असलेला माणूस मी अजून पाहिला नाही," पाळक म्हणाले. "मीही नाही. तारण हे बक्षीस नाही हो, पैलवान. ते दान आहे. कमवायचं नसतं. देव देतो, आपण घ्यायचं."

"फुकट?"

"आपल्याला फुकट. त्याला नाही. त्याने जीव दिला."

मग बाबा जे बोलले, ते मी जन्मभर विसरणार नाही. "पाळकसाहेब, तुम्ही हे दर रविवारी सांगता. लोक ऐकतात, आमेन म्हणतात, घरी जाऊन जेवतात. त्यांना ते पचतं, कारण त्यांच्यासाठी मेलेला त्यांनी पाहिला नाही. मी पाहिलाय. पट्टा आवळताना त्याच्या बोटांचं ग्रीस माझ्या कानामागे लागलं होतं. घरी आल्यावर ते धुवायचा मला धीर होईना. कुणीतरी माझ्या जागी मेला, हे तुम्हाला सुवार्ता वाटते. मला ते ऐकलं की श्वास लागतो."

पाळक काही बोलले नाहीत. हुशार असते तर काहीतरी बोलले असते. ते शहाणे होते. जाताना दारात एवढंच म्हणाले, "देणं या शब्दाचे दोन अर्थ आहेत, पैलवान. एक फेडायचं असतं. दुसरं देवाचं देणं म्हणतो तसलं. तुमची गल्लत होतेय असं मला वाटतं."

बाबा म्हणाले, "माझं पहिलंच आहे."

पाळक गेल्यावर आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात घासत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तारण म्हणे. आपल्या घराला तो एकच अर्थ माहीत आहे. घर तारण, दागिना तारण, नवरा तारण. सोडवायला कुणी येत नाही."

आता काकूच्या शिवणयंत्राची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथून फिरलं. यंत्र चांगलं चालत होतं. पण बाबा दर रविवारी त्याला तेल घालत. इतकं तेल की काकूने शिवलेल्या पांढऱ्या झग्यावर डाग पडायला लागले. काकू म्हणाली, "भाऊजी, राहू द्या." बाबांनी यंत्र सगळं खोललं, पुसलं, परत जोडलं, आणि त्यानंतर ते टाका घालीना. शेवटी काकूने यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. वयस्कर, विधुर, जरा बहिरे. त्यांनी यंत्र नीट केलं. मग ते पुन्हा आले, बरं चाललंय ना हे बघायला. मग पुन्हा. बहिऱ्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे गल्लीला सगळं आधी कळलं आणि आम्हाला शेवटी. काकू त्या मशीनवाल्यांशी लग्न करणार होती.

बाबांना हे आईने सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, घाबरले. "असं कसं?" म्हणाले. "असं कसं करता येईल त्यांना?" आणि पिशवी खांद्याला लावून निघाले. रविवार नव्हता तरी निघाले. आई मला म्हणाली, "जा गं त्यांच्या मागे. काहीतरी भलतंच बोलून बसतील."

मी पोचले तेव्हा बाबा काकूच्या खोलीत मधोमध उभे होते. कापडाचे तुकडे पायाखाली आले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. काकू यंत्रामागे बसली होती, बोटात अंगुस्तान तसंच.

"वहिनी, तुम्हाला काय कमी पडलं?" बाबा विचारत होते. "सांगा मला. मी आणखी येईन. रोज येईन."

"भाऊजी, बसा."

"मला बसायचं नाही. मी असताना तुम्हाला दुसऱ्या कुणाची गरज का लागावी?"

"बसा म्हणते ना!"

तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. बाबा तरी बसले नाहीत. मग तीच उठली.

"तुम्ही दर रविवारी येता," काकू म्हणाली, "आणि मला पुन्हा विधवा करून जाता. कळतंय का तुम्हाला? सोमवारपासून मी कशीबशी माणसात येते. बाजारात जाते, शेजारणीशी हसते, एखादं गाणं तोंडात येतं. आणि रविवारी दारावर ती थाप पडते. तुम्ही उभे. खुर्चीवर बसत नाही, चहा घेत नाही. माझ्याकडे असं बघता की जणू आत्ताच त्याला बाहेर आणून ठेवलंय. किती वर्षं मी तो दिवस दर आठवड्याला जगायचा?"

बाबांच्या खांद्यावरून पिशवी घसरली. आतली हत्यारं फरशीवर आपटली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? तुम्हाला तेवढाच आधार होता. मला वाटलं, याचं समाधान होईल कधीतरी, मग थांबेल. तुमचं समाधान होतच नाही. माझा नवरा काय सावकार होता? तुम्ही त्याला सावकार करून टाकलंत. माणसाने एकदा मन मोठं केलं, आणि तुम्ही जन्मभर त्याला तुमच्या दारात वसुलीला उभं केलंत."

मी दाराशीच थांबले होते. मला आत जावंसं वाटेना आणि बाहेरही.

बाबा म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सगळं माहीत नाही." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला कान देऊन ऐकावं लागलं. "ते दार आपोआप बंद झालं नव्हतं. दांडा बिघडलाय म्हणून त्याने दाराखाली लाकडाचा ठोकळा लावला होता. मला बजावलं होतं, काढू नकोस. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. त्याने मुकादमाला सांगितलं होतं की मी कामात ढिला आहे. मी चिडलो होतो. मोठा आला शिकवणारा, असं म्हणत मी तो ठोकळा लाथेने उडवला. दार माझ्याच लाथेने बंद झालं. तो माझ्या मूर्खपणासाठी मेला. मित्र म्हणून नव्हे. आम्ही मित्र नव्हतोच."

घरात फोटो लावला होता तो मित्राचा म्हणून. आईलाही हे माहीत नव्हतं. मला एकदम कळलं की आमच्या बाहेरच्या खोलीतला तो कडक माणूस बाबांकडे इतकी वर्षं काय म्हणून बघत होता.

काकू शांत झाली. कपाळावरचे केस मागे सारले. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"भांडणाचं. आदल्या रात्री जेवताना तो तुमच्याच नावाने बोटं मोडत होता. म्हणाला, तो पैलवान एक नंबरचा आडमुठा आहे, एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. आणि ठोकळ्याचं मला मुकादमाने सांगितलं, त्याला पुरल्यानंतरच्याच आठवड्यात. तो बाजूला उडून पडलेला त्यांना दिसला होता."

"तुम्हाला तेव्हापासून..."

"तेव्हापासून. आधी मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या, मनात. देवालाही दिल्या. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. माझा नवरा आत गेला तेव्हा त्याला माहीत होतं आत कोण आहे. लाडका मित्र नाही. ज्याच्या नावाने काल बोटं मोडली तोच. दार कुणी लावलं हेही त्याला दारात पाऊल टाकताच दिसलं असणार, ठोकळा समोरच पडला होता. तरी त्याने मास्क काढला. तुम्ही चांगले आहात म्हणून नाही, भाऊजी. तुम्ही पुढे चांगले व्हाल, माझे नळ दुरुस्त कराल म्हणूनही नाही. दिला. बस. आणि तुम्ही म्हणता, मला सगळं माहीत नाही! मला माहीत असूनच मी दर रविवारी दार उघडत होते."

बाबा तेव्हा खुर्चीवर बसले. तोंड झाकून रडले, लहान मुलासारखं, हुंदके देत, नाक गळत. काकूने त्यांना कापडाचा एक तुकडा दिला. तो कुणाच्या तरी बाहीचा कापून ठेवलेला भाग होता हे मागाहून कळलं, आणि त्या गिऱ्हाइकाची बाही थोडी आखूड झाली.

निघताना काकू म्हणाली, "लग्नाला यायचं. सगळ्यांनी. पण एक अट आहे. तुम्ही हात हलवत यायचं. भेट आणायची नाही, मांडव बांधायला यायचं नाही, खुर्च्या लावायच्या नाहीत. पिशवी घरी ठेवायची. पाहुण्यासारखं यायचं, बसायचं, जेवायचं आणि जायचं. जमेल?"

बाबा म्हणाले, "बघतो."

सगळं झटक्यात सुटलं असं मी म्हणणार नाही. उलट पुढचे आठवडे फार वाईट गेले. ओझं उतरवलं की माणूस हलका होतो असं आपल्याला वाटतं. बाबा वाकडेच चालत राहिले. रविवारी उपासनेनंतर ते चौकापर्यंत आपोआप काकूच्या वाटेला लागायचे, मग थांबायचे, आणि कुठे जावं हे न कळून तिथेच उभे राहायचे. जाणारे येणारे विचारायचे, "पैलवान, काही हरवलं का?" घरी आले की भिंतीवर हात फिरवत या खोलीतून त्या खोलीत. एकदा मला म्हणाले, "फेडायचं असतं तेव्हा सोपं असतं गं. आज काय करायचं ते माहीत असतं. नुसतं घ्यायचं कसं असतं? मला येत नाही ते." आई ऐकत होती. आजवर साहेबांचं नाव निघालं की तिने भांडी आपटली होती, पण त्या दिवशी ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण शिवू लागली. सदरा त्यांच्या अंगातच होता, त्यामुळे त्यांना हलता येईना. बरंच झालं.

ठोकळ्याचं त्यांनी आईला स्वतः सांगितलं. मी बाहेर गेले होते तेव्हा. परत आले तर फिटरचा फोटो खाली काढून आई काच पुसत होती. मला वाटलं, आता हा माळ्यावर जाणार. पण तिने तो परत लावला, जरा बाजूला, खिडकीजवळ, येशूच्या चित्रापासून थोडा दूर. म्हणाली, "माणूस होता तो. माणसाच्या जागी राहू दे. त्यालाही किती छळायचं."

लग्न चर्चच्या मागच्या सभागृहात होतं. फार माणसं नव्हती. आम्ही निघालो तेव्हा बाबांना हातांचं काय करावं ते कळेना. मागे बांधले, पुढे घेतले, खिशात घातले. खिशात घातले तेव्हा आईला शंका आली. तिने कोपऱ्यावरच त्यांना थांबवलं, खिसा चाचपला आणि आतून स्क्रूड्रायव्हर काढला. "हे काय?"

"असू दे. लागला तर."

"अहो, लग्नाला चाललोय आपण. द्या इकडे." तो तिने आपल्या पर्समध्ये टाकला. बाबा पुढे चालायला लागले, मोकळ्या हातांनी. रस्त्यात इतका उघडा पडलेला माणूस मी पाहिला नाही.

सभागृहात एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता. नशीब असं की बाबांना तीच मिळाली. ते खाली वाकून बघू लागले. काकू तिकडे नवऱ्याचा हात हातात घेऊन उभी होती, तरी तिचं लक्ष होतं. तिने लांबूनच मान हलवली: नाही. बाबा सरळ बसले आणि सगळा वेळ डुगडुगत राहिले. पाळकांनी प्रार्थना केली. मशीनवाल्यांना ती नीट ऐकू आली नसावी, कारण आमेन त्यांनी भलत्याच ठिकाणी म्हटलं आणि लोक हसले. बाबाही हसले. मी सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आता दिवा जाणार म्हणून. दिवा जायच्या बेतात होता. त्यांनी खाली मान घातली, एक लांब श्वास घेतला, तो नीट सोडला, आणि पुन्हा वर बघितलं.

मग जेवण. आम्हाला वाढायला काकू स्वतः आली. बाबा अर्धवट उठले. "वहिनी, तुम्ही कशाला? मी घेतो."

"घेता नाही येत तुम्हाला," काकू म्हणाली. "म्हणून वाढतेय. बसा."

त्यांनी ताट पुढे केलं. तिने वाढलं, बरंच वाढलं. त्यांनी खाल्लं. सगळं. आणि मग, ज्या माणसाने त्या बाईच्या हातचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता, त्याने हळू आवाजात विचारलं, "आणखी आहे का थोडं?" काकू वळून स्वयंपाकघराकडे गेली ती लवकर परत आलीच नाही. आई म्हणाली, "रडत असेल. रडू दे."

पुढे बाबा बरीच वर्षं जगले. श्वास लागायचा तो कधीकधी लागायचाच. कुठलंही जड दार बंद व्हायला आलं की त्यात पाय घालायची सवय गेली नाही, दुकानदार ओरडायचे. थाळीतलं प्रभुभोजन ते घेऊ लागले, पण कधीपासून ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण तोवर माझं लग्न होऊन मी दुसऱ्या गावी गेले होते. हो, गेले. बाबांनीच मला गाडीत बसवलं आणि वहिनींचं आजारपण वगैरे काही बोलले नाहीत.

एकदा मी माहेरी आले असताना मशीनवाले आमच्याकडे आले. कपाट हलवायचं होतं, पैलवानांनी जरा हात लावावा असा काकूचा निरोप होता. बाबा पलंगावर उशीला टेकून पडले होते. आई लगेच म्हणाली, "पिशवी देऊ का?" ती इतक्या वर्षांची सवय.

बाबा म्हणाले, "आज नको. आज मला कंटाळा आलाय."

आई बघतच राहिली. मशीनवाल्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणालात?"

"कंटाळा आलाय!" बाबा ओरडले. "उद्या येतो! आणि वहिनींना म्हणावं, चहा टाकून ठेवा!"